परक्याशी मसलत

पैसे मोजून एखाद्या परक्या गृहस्थापुढे आपल्या संसाराचे, नोकरीचे आणि मनातल्या अर्धवट इच्छांचे दप्तर उघडावे, ही कल्पनाच आपल्या मध्यमवर्गीय मनाला काहीशी लाजिरवाणी वाटते. आणि म्हणूनच गेल्या काही वर्षांत पुण्यामुंबईकडे ‘लाइफ कोच’ या नावाने जो एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे, त्याचा उल्लेख निघताच सुशिक्षित माणसाच्या ओठांवर प्रथम उमटते ते उपहासाचे स्मित. ज्या समाजात मामा, आत्या, शेजारचे निवृत्त मास्तर आणि चौकातला पानवाला हे सारेजण विनामूल्य आणि विनापरवाना सल्ला देण्यास अष्टौप्रहर सिद्ध असतात, तेथे सल्ल्यासाठी फी भरणारा माणूस एक तर अतिश्रीमंत असला पाहिजे नाहीतर अतिभोळा, असा त्या स्मिताचा अर्थ. या युक्तिवादातील दोष इतकाच की, लाइफ कोच सल्ला विकतो असे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्या कामात मुरलेला कोच सल्ला देतच नाही, आणि माझ्या मते त्याची सारी उपयुक्तता या न देण्यातच साठवलेली आहे.

या विद्येचा उगम कोठल्या आश्रमात किंवा रुग्णालयात झालेला नसून टेनिसच्या मैदानावर झाला, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. टिमथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिसशिक्षकाच्या ध्यानात असे आले की, विद्यार्थ्याला ‘मनगट असे ठेव, पाय तसा टाक’ अशा सूचना जितक्या अधिक द्याव्यात तितका त्याचा खेळ अधिक आखडत जातो. कारण सूचना ऐकणारे आणि स्वतःवर सतत खेकसणारे एक मन, प्रत्यक्ष चेंडू मारणाऱ्या दुसऱ्या मनाच्या आड येते. तेव्हा त्याने सूचना देणे सोडले आणि शिष्याला एवढेच सांगितले की चेंडू जमिनीवर आपटताच एक शब्द उच्चारायचा, रॅकेटला लागताच दुसरा. बाकी काही सुधारण्याच्या भानगडीत पडायचे नाही. लक्ष चेंडूवर खिळले, आत्मताडन थांबले आणि फटके आपोआप सुधारले. माणसाची कामगिरी म्हणजे त्याच्या अंगची क्षमता वजा त्याने स्वतःच उभे केलेले अडथळे, हे गॅलवेचे समीकरण. त्याचे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि टेनिसशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांनी ते वाचले.

त्या वाचकांपैकी एक म्हणजे इंग्लंडचे सर जॉन व्हिटमोर. हे गृहस्थ मोटारशर्यतींत १९६५ चे युरोपीय अजिंक्यपद मिळवलेले. त्यांनी गॅलवेचा विचार प्रथम क्रीडाशिक्षणात आणि मग कारखानदारांच्या व कंपन्यांच्या दालनांत नेला. १९९२ च्या त्यांच्या ग्रंथाने ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची संभाषणपद्धती जगभर रूढ केली. त्याच साली अमेरिकेत टॉमस लेनर्ड यांनी कोचांसाठी शिक्षणसंस्था काढली. लेनर्ड मूळचे अर्थनियोजक. गुंतवणुकीचा हिशेब घेऊन येणाऱ्या अशिलांना पुढे पुढे पैशाखेरीज आयुष्याविषयीच बोलायचे असते, आणि ते आजारी नसल्यामुळे डॉक्टरकडे जाण्याचे त्यांना कारण नसते, हे त्यांनी हेरले. १९९५ साली त्यांच्याच पुढाकाराने या व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. अवघ्या तीन दशकांचा हा इतिहास. वैद्यक किंवा वकिली यांच्या तुलनेत हा व्यवसाय अजून बाल्यावस्थेतच आहे असे म्हटले पाहिजे.

परंतु या चार पायऱ्या कागदावर वाचून काहीच बोध होत नाही, म्हणून एक प्रसंग कल्पून पाहू. सांगलीच्या एका सहकारी बँकेत शाखाधिकारी असलेले एक गृहस्थ आहेत. वय ५२, मुलगी शिकून मार्गी लागलेली, निवृत्तीला सहा वर्षे अवकाश. तासगावजवळ वडिलार्जित द्राक्षमळा आहे, तो धाकटा भाऊ पाहतो, आणि सातबाऱ्यावर नावे दोघांचीही आहेत. थकबाकीदारांच्या मागे धावून जीव विटलेल्या या गृहस्थांच्या मनाने असे घेतले आहे की राजीनामा द्यावा आणि मळ्यात जाऊन राहावे. आता त्यांनी मसलत कोणाशी करावी? पत्नीला महिन्याचा पगार आणि घराचा हप्ता दिसतो. भावाला वाटते, दादा आले म्हणजे आज ना उद्या वाटणीची भाषा आली. बँकेतील सहकाऱ्याचा डोळा, कितीही स्नेह असला तरी, रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर असू शकतो. आणि ज्या बालमित्राने स्वतः असाच राजीनामा दिला होता, तो आपल्या निर्णयाचे समर्थन मिळावे म्हणूनच यांना उत्तेजन देणार. यांतील एकही माणूस दुष्ट नाही. प्रत्येकाच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येकजण त्या प्रकरणात पक्षकार आहे, आणि पक्षकाराने न्यायासनावर बसू नये, हे तत्त्व आपण कचेरीत मानतो व घरात विसरतो.

कोच या प्रकरणात कोणीच लागत नाही. गृहस्थ राजीनामा देवोत की न देवोत, त्याच्या ताटात काही कमी-अधिक पडत नाही. त्याचा मोबदला ठरलेला आहे आणि तो निर्णयाशी बांधलेला नाही. म्हणून तो असा प्रश्न विचारू शकतो की जो घरातल्या माणसाने विचारला तर भांडण होईल: ‘तुम्हाला मळा हवा आहे, की फक्त बँक नको आहे?’ या प्रश्नानंतर बहुधा बराच वेळ कोणी बोलत नाही, आणि अनुभवी कोच ती शांतता भरून काढण्याची घाई करीत नाही. मग वस्तुस्थितीचे प्रश्न येतात. पगाराविना किती हंगाम काढता येतील? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि वेलींवर डाऊनीचा रोग पडला, तर त्या वर्षीचे नुकसान कोणाच्या खात्यावर? भावाशी या विषयावर शेवटचे मोकळेपणाने कधी बोललात? पुढे पर्यायांची मोजदाद होते, आणि येथे अनेकदा मौज घडते. राजीनामा किंवा सहनशीलता अशा दोनच दारांपुढे वर्षभर उभा असलेला माणूस अर्ध्या तासात पाच-सहा दारे स्वतःच दाखवू लागतो. साठलेली रजा घेऊन एका छाटणीला मळ्यावर राहून पाहावे. बँकेतच वसुलीऐवजी कृषिकर्जाच्या विभागात बदली मागावी. भावाच्या संमतीने फक्त बेदाण्याच्या विक्रीचे काम अंगावर घ्यावे. यांपैकी एकही सूचना कोचची नसते. शेवटी तो विचारतो की येत्या गुरुवारपर्यंत यांतले नेमके काय करणार, आणि पुढल्या भेटीच्या आरंभी, काही न विसरता, त्याच गोष्टीपासून सुरुवात करतो. गृहस्थ पुढे मळ्यात जातात की नाही हा येथे प्रश्नच नाही. गेले तर डोळे उघडे ठेवून जातात, राहिले तर रोज सकाळी नशिबाला दोष देत बँकेची पायरी चढत नाहीत.

याचा लाभ खरोखर होतो काय, याविषयी जे संशोधन झाले आहे ते मर्यादित असले तरी अगदीच उपेक्षणीय नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात अँथनी ग्रँट यांनी २००० साली या विषयासाठी स्वतंत्र विभाग उभारला, आणि २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात लाइफ कोचिंगनंतर सहभागी व्यक्तींची ध्येयपूर्ती व मनःस्वास्थ्य सुधारल्याचे नोंदवले. पुढे २०१४ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्र संकलन केले, तेव्हा अनुकूल परिणाम अनेक बाबतींत आढळले, परंतु सर्वांत ठळक आढळला तो ठरवलेल्या ध्येयाकडे स्वतःला वळवत राहण्याच्या क्षमतेवर. हे अभ्यास बव्हंशी नोकरदारांवर झालेले असल्याने त्यांवरून अखिल मानवजातीविषयी निष्कर्ष काढणे अप्रशस्त होय. तथापि सुखापेक्षा निर्धारावर परिणाम अधिक दिसावा, हे मला अर्थपूर्ण वाटते, कारण आपल्याकडील जाहिरातींत नेमके उलटे, म्हणजे सुखाचे, आश्वासन दिलेले असते.

याच सिडनीच्या मंडळींच्या अभ्यासांतून दुसरी एक गोष्ट पुढे आली, आणि ती गंभीर आहे. लाइफ कोचिंगसाठी येणाऱ्यांपैकी लक्षणीय हिस्सा असा निघाला की ज्यांची मानसिक व्यथा उपचार आवश्यक ठरावा इतकी तीव्र होती. आपल्याकडे तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे लौकिकास बट्टा, अशी समजूत अद्याप इतकी प्रबळ आहे की, खिन्नतेने अंथरुणाला खिळलेला माणूस ‘मी कोचकडे जातो’ असे सांगून अब्रू राखण्याचा प्रयत्न करणारच. ज्याची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार घोळत आहेत, त्याला ध्येये लिहावयास लावणे हा क्रूरपणा होय. त्याला डॉक्टरकडे पाठवले पाहिजे, आणि रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती रुजवली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने १९९० पासून मानसिक आरोग्याचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा केला. उपचाराची ही परंपरा घरात असताना कोचने तिच्या दारात उभे राहून तिचेच काम करू जाणे सर्वथा अनुचित आहे.

आणि अडचण अशी की त्याला अडवणारे कोणी नाही. वकिलीला सनद लागते, वैद्यकीला नोंदणी लागते. लाइफ कोच होण्यास आपल्या देशात भेटकार्ड छापण्यापलीकडे कायद्याने काहीच लागत नाही. तक्रार कोठे करावी, दाद कोणाकडे मागावी, गुपित फुटले तर जबाबदार कोण, या प्रश्नांना आज तरी समाधानकारक उत्तर नाही. या मोकळ्या रानात जी पिके माजली आहेत त्यांत सर्वांत जोमदार पीक आहे ते मंचीय वक्त्यांचे: सभागृह भाड्याने घ्यायचे, संगीत मोठ्याने लावायचे, श्रोत्यांना उभे करून टाळ्या वाजवायला लावायचे आणि रविवारच्या दोन दिवसांच्या शिबिरात श्रीमंतीचे मंत्र द्यायचे. (रविवार दोन दिवसांचा कसा, असे विचारू नये, तेथे सर्वच काही विशाल असते.) हे प्रवचन आहे, आणि प्रवचनात मुळात वाईट असे काही नाही, आपल्या कीर्तनकारांनी ते अधिक चांगल्या मराठीत आणि माफक बिदागीवर केलेले आहे. पण हजार माणसांना एकच उत्तर सांगणे आणि एका माणसाला त्याचेच उत्तर शोधावयास लावणे, ही दोन कामे एका पाटीखाली चालू देऊ नयेत.

याचा सारा दोष मात्र वक्त्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. पैसे भरून समोर बसलेल्या गिऱ्हाइकालाच मुळी आज्ञा हवी असते. गुरूने मस्तकावर हात ठेवावा आणि ‘असे कर’ म्हणावे, म्हणजे यश आले तर कृपा आणि अपयश आले तर गुरूची चूक, ही सोय शतकानुशतकांची आहे, आणि तिला सरावलेल्या माणसास नुसते प्रश्न विचारणारा कोच हा कामचुकार वाटतो. पहिल्या दोन भेटींनंतर ‘अहो, तुम्हीच सांगा ना काय करू’ असा लकडा लागतो. व्यवसाय टिकवायचा असल्याने पुष्कळ कोच तेथे शरण जातात, आणि मग परक्या माणसाकडे जाण्याचे जे एकमेव सबळ कारण होते तेच नाहीसे होते. मामाचा सल्ला निदान फुकट होता.

म्हणून ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने पहिल्याच भेटीत काही गोष्टी निःसंकोच विचारून घ्याव्यात. प्रशिक्षण कोठे घेतले? आंतरराष्ट्रीय संघाची मान्यता असेल तर कोणत्या पायरीची? कारण पहिल्या पायरीला प्रत्यक्ष कामाचे १०० तास पुरतात, दुसरीला ५०० आणि सर्वोच्च पायरीला २५०० तास लागतात, आणि भिंतीवरच्या चौकटीतील प्रमाणपत्रे लांबून सारखीच दिसतात. आजवर कोणाला डॉक्टरकडे पाठवले आहे काय, हेही विचारावे. ज्याने अनेक वर्षांत एकालाही पाठवले नसेल त्याच्याकडून लवकर उठावे. बोललेले गुप्त राहील असे लेखी घ्यावे. आणि त्या करारनाम्यात भेटींची संख्या व अखेरची तारीख आरंभीच घालून घ्यावी. ती घालण्यास जो कोच खळखळ करील, त्याला आपली फी आपल्या निर्णयापेक्षा अधिक प्रिय आहे असे खुशाल समजावे.