श्वासाचेही मोजमाप व्हावे

पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध आहेच. परंतु गेल्या काही दशकांत ते रुग्णसेवेचेही मोठे केंद्र बनले आहे. १८६७ साली ससून रुग्णालय सुरू झाले तेव्हापासून आजपर्यंत या शहरात लहानमोठी रुग्णालये वाढतच गेली, आणि आज सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडचा रुग्णही अखेरच्या आशेने पुण्याचीच वाट धरतो. अशा रुग्णाचे आप्त शस्त्रवैद्याचे नाव विचारतात, भूल कोण देणार याची चौकशी करतात, खोलीचे भाडे किती पडेल हेही पाहतात. परंतु रुग्णाच्या देहात जी नळी जाणार आहे ती जंतुविरहित कोणी केली आणि ती करताना त्या माणसाने श्वासावाटे काय आत घेतले, हा प्रश्न कोणाच्याही मनात येत नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धातूची शस्त्रे वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करता येतात. परंतु प्लास्टिकच्या नळ्या, कॅथेटर, दुर्बिणींचे नाजूक भाग ही उपकरणे ती उष्णता सोसू शकत नाहीत. त्यांच्यासाठी एथिलीन ऑक्साइड या वायूचा उपयोग करतात. रुग्णालयांतील मंडळी त्याला नुसते ‘ईटीओ’ म्हणतात. वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५९ साली हा वायू प्रथम तयार केला. तो वेष्टनाच्या आतपर्यंत शिरतो आणि चिवटातील चिवट जंतूंचाही नाश करतो. परंतु जो गुण जंतूंना मारक, तोच माणसाच्या पेशींनाही घातक. जंतूच्या बीजद्रव्यावर आघात करणारा हा वायू माणसाच्या बीजद्रव्याला सोडून देईल, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी?

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. स्वीडनमध्ये रुग्णालयीन साहित्य या वायूने निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यात सुमारे २३० कामगारांपैकी तिघांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे १९७९ साली प्रसिद्ध झाले. इतक्या लोकसंख्येत एकाचीही अपेक्षा नव्हती. १९८२ साली फिनलंडमधील पाहणीत रुग्णालयांच्या निर्जंतुकीकरण विभागांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक आढळले. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या वायूची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली.

या वायूचा खरा कपटीपणा मात्र निराळाच आहे. त्याला रंग नाही. त्याला किंचित गोडसर वास आहे खरा, परंतु तो नाकाला जाणवतो तो हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे काही शे भाग झाल्यावर. अमेरिकेने १९८४ साली आठ तासांच्या कामासाठी ठरविलेली मर्यादा आहे दहा लाखांत अवघा एक भाग! म्हणजे ‘वास आला की बाहेर पडू’ असे म्हणणारा सेवक मर्यादेच्या शेकडो पट विष घेतल्यानंतरच बाहेर पडेल. जेथे डोळा आणि नाक दोन्ही फसतात, तेथे यंत्राने मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

धोका कोठे असतो, हेही समजून घेतले पाहिजे. यंत्राचे दार उघडताना आणि वायूची नळकांडी बदलताना तो असतोच. परंतु त्याहून अधिक फसवा धोका पुढे येतो. प्लास्टिक हा वायू शोषून घेते आणि सावकाश बाहेर टाकते. म्हणून उपकरणे उष्ण हवेत, ५० अंश तापमानाला सुमारे १२ तास किंवा ६० अंशांना ८ तास, ठेवावी लागतात. शस्त्रक्रिया खोळंबली आहे म्हणून घाईने पुडकी आधीच बाहेर काढली, तर उरलेला वायू त्या खोलीत आणि कपाटात पसरतो व तेथे वावरणाऱ्याच्या फुप्फुसात जातो.

येथे एक विलक्षण विसंगती दिसते. निर्जंतुकीकरण पूर्ण झाले की नाही हे दाखविण्यासाठी पुडक्यावर रंग बदलणारी पट्टी असते; शिवाय जंतूंचे बीजाणू ठेवून ते मेले की नाही याचीही परीक्षा होते. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच होय. पण तेच पुडके हाताळणाऱ्या सेवकासाठी तशीच एखादी पट्टी असते काय? गळ्याजवळ लावण्याचा छोटा बिल्ला उपलब्ध आहे. पाळी संपल्यावर तो प्रयोगशाळेत तपासला की त्या माणसाने दिवसभरात किती वायू घेतला हे कळते. भिंतीवर टांगलेले यंत्र खोलीची हवा सांगते. बिल्ला माणसाचा श्वास सांगतो. दोन्ही हवेत. दार उघडण्याच्या क्षणी प्रमाण एकाएकी वाढते, म्हणून आठ तासांच्या सरासरीबरोबर पंधरा मिनिटांचेही मोजमाप हवे. अमेरिकेने १९८८ साली त्यासाठी दहा लाखांत पाच भागांची निराळी मर्यादा घातली. तेथे निम्म्या भागाहून अधिक प्रमाण आढळल्यास सहा महिन्यांनी, आणि मर्यादा ओलांडल्यास तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे लागते. निष्कर्ष सेवकाला कळवावा लागतो, आणि नोंद तीस वर्षे जपावी लागते. तीस वर्षे अशासाठी, की कर्करोग घाईने येत नाही.

खर्चाचा आक्षेप निघेल. कोट्यवधींची यंत्रे घेणाऱ्या संस्थांना बिल्ल्यांचा खर्च जड वाटावा, हे आम्हांस पटत नाही. दुसरा आक्षेप असा की, मोजले तर कामगार घाबरतील. आमच्या मते अज्ञानात ठेवून मिळविलेली शांतता ही शांतता नव्हे. आणि हा वायू अजिबात वापरू नका, असे आमचे म्हणणे नाही. तुर्भे येथे १९७४ पासून गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्याची सोय झाली, हायड्रोजन पेरॉक्साइडची यंत्रेही आली आहेत. जेथे पर्याय चालेल तेथे तो अवश्य स्वीकारावा. जेथे चालणार नाही, तेथे निदान मोजावे.

२०२० साली युरोपने भारतातून गेलेल्या तिळात याच वायूचा अंश सापडला म्हणून माल परत फिरविला. किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशांचा तो हिशेब होता. परदेशी गिऱ्हाइकाच्या तिळाचे इतके सूक्ष्म मोजमाप व्हावे, आणि आपल्याच शहरातील सेवकाच्या श्वासाचे होऊ नये, हे आपल्याला भूषणावह आहे काय?

कायद्याची उणीव आहे असेही नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखान्यांच्या कायद्यात विषारी द्रव्यांच्या मर्यादा घालण्यात आल्या. परंतु रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, या समजुतीचा आडोसा राहिला. संसदेने २०२० साली संमत केलेली व्यावसायिक सुरक्षिततेची संहिता दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. लहान शुश्रूषागृहे आपले साहित्य बाहेरच्या केंद्रांतून ‘ईटीओ करून’ आणतात, आणि तेथे चार-पाच माणसेच राबत असतील. पण जीविताला धोका असलेल्या कामास, कामगार एकच असला तरी, संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. तो वापरावा. शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली महानगरपालिका करते. नूतनीकरणाच्या वेळी या मोजमापाची नोंद मागण्यास तिला कोणती अडचण आहे? राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने पुण्यातील अशा केंद्रांची यादी करून प्रत्यक्ष तपासणी करावी.

जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यातील उरवडे येथे रासायनिक कारखान्याला आग लागून कामगारांचे, विशेषतः स्त्रियांचे, बळी गेले तेव्हा सारे पुणे हळहळले. आग दिसते, म्हणून निदान हळहळ तरी होते. हा वायू दिसत नाही, आणि त्याचे बळी एकाच दिवशी पडत नाहीत. ते वीस वर्षांनी, निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या आजारांच्या नावाखाली जातील आणि कोणी त्यांची बेरीजही करणार नाही. ती बेरीज करण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच आजचे मोजमाप हवे. रुग्णालयांच्या चालकांनी, डॉक्टरांच्या संघटनांनी आणि महानगरपालिकेने ते स्वतः होऊन सुरू करावे. दुसऱ्याचा प्राण वाचविण्याच्या कामी जो राबतो, त्याच्या प्राणाचा हिशेब ठेवणे ही मेहेरबानी नव्हे, ते साधे कर्तव्य आहे.