‘लोथसम’ कोणाला म्हणायचे?

‘लोथसम’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय, असे धर्मग्रामातील एका शाळकरी मुलीने आम्हांस विचारले. ‘किळसवाणा’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. आणि त्या अपुरेपणातून माणसांवर अन्याय होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या शब्दाच्या मुळाशी ‘लोथ’ हे दुसरे विशेषण आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ द्वेष्य, वैरी असा होता. आज ‘लोथ’ म्हणजे नाखूश. येथे नावड बोलणाऱ्याची असते. ‘लोथसम’ मात्र ती नावड समोरच्याच्या अंगाला चिकटवते. मराठीतही ‘किळसवाणा’ आहेच. पण आपली जुनी रीत निराळी. ‘मला किळस येते’, ‘मला शिसारी आली’, ‘मला वीट आला’ असे आपण म्हणतो. किळस कोणाची, हे आधी कबूल करावे लागते. मिरकरवाड्याच्या जेटीवर घाटावरचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो, आणि तेथेच मासळी निवडणाऱ्या बाया डबा सोडून निवांत जेवतात. वास एकच, किळस पाहुण्याची.

हा व्याकरणाचा काथ्याकूट आम्ही केला नसता. परंतु हे विशेषण कायद्यात ठाण मांडून बसले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, अब्रुनुकसानीच्या कलम ४९९ च्या चौथ्या स्पष्टीकरणात, एखाद्याचे शरीर ‘लोथसम’ अवस्थेत आहे असा समज पसरविणे हे त्याच्या लौकिकास बाध आणणारे ठरविले गेले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. गुलामीच्या खुणा पुसण्याची भाषा तेव्हा बरीच झाली. तिच्या कलम ३५६ मध्ये हा शब्द मात्र जसाच्या तसा उतरला! वकील मंडळी म्हणतील, ही तरतूद माणसाच्या संरक्षणासाठीच आहे. असेल. पण खोट्या आरोपापासून एकाला वाचविताना, ज्याला खरोखरीच व्याधी आहे त्याच्या देहावर कायदा स्वतः शिक्का मारतो, त्याचे काय?

कुष्ठरोग्यांनी हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या सोसला. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली; रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ मध्ये वगळले गेले. ते आधी वगळावे म्हणून आपण, म्हणजे आम्ही धर्मगुरूंनीही, किती आवाज उठविला?

मार्कच्या शुभवर्तमानातील कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. त्या प्रसंगी येशूला आला तो कळवळा. मराठीत किळस येते तसाच कळवळाही येतो. दोन्ही पाहणाऱ्याच्याच ठायी.

संसदेने कलम ३५६ मधून हे विशेषण काढून टाकावे. कोणाच्या शरीराविषयी खोटे पसरवून त्याचा लौकिक बिघडविणे हा गुन्हा, एवढे म्हटले तरी कलमाचे काम भागते. आणि रोग्यांसाठी प्रार्थना लिहिताना ‘किळसवाण्या व्याधीने पछाडलेले’ असले शब्द आमच्याच लेखणीतून उतरतात. ते येत्या रविवारपासून बंद व्हावेत.