फुकट खेळाचा हिशेब

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीच्या जिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास चार मुले येऊन बसतात. त्यांतला एक स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. दुसऱ्याचे वडील मीरा रोडला दवाखाना चालवतात. उरलेले दोघे आमच्याच इमारतीतले. चौघांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या आणि तोंडाने अखंड आज्ञा चाललेल्या : "मागे बघ", "डावीकडच्या घरात शिरला", "मला उचल, मला उचल!" वर जाणाऱ्या कोणा गृहस्थाने "वाट सोडा रे" म्हटले, की चौघे एकदम भिंतीला सरकतात, नजर मात्र कोणाचीच वर होत नाही. गणित शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या दृश्याचा प्रथम संताप आला. पुढे या मुलांच्या शेजारी पायरीवर बसून काही संध्याकाळी घालवल्यावर मात्र, संताप योग्य होता पण त्याची जागा चुकली होती, अशा निष्कर्षाला मी आलो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. शंभर खेळाडू विमानातून एका निर्मनुष्य बेटावर हवाई छत्रीने उतरतात. रिकाम्या हातांनी उतरायचे, ओस पडलेल्या घरांतून बंदुका, काडतुसे, मलमपट्ट्या गोळा करायच्या, आणि क्रमाक्रमाने आवळत जाणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत तग धरायचा. अर्ध्या तासात निकाल. कल्पनेचे मूळ २००० सालच्या 'बॅटल रॉयल' या जपानी चित्रपटापर्यंत नेता येते. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाच्या कल्पकतेतून दक्षिण कोरियात २०१७ साली 'पबजी' तयार झाला, आणि २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला. आपल्याकडे तोवर जिओच्या कृपेने इंटरनेट स्वस्त झालेले होते. त्यामुळे वणवा पसरावा तसा तो पसरला. २९ जानेवारी २०१९ च्या 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका मातेने मुलाच्या खेळवेडाची तक्रार करताच पंतप्रधानांनी "हा पबजीवाला आहे का?" असे विचारले आणि सारे सभागृह हसले. त्यानंतर सहाच आठवड्यांत राजकोटच्या पोलिसांनी हा खेळ खेळल्याबद्दल तरुणांना अटकही केली!

खेळाने मुले हिंसक होतात, हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतला जातो. माझ्या मते तो सर्वांत दुबळा आहे. चोर-शिपाई खेळून कोणी चोर झाल्याचे ऐकिवात नाही. या जिन्यातली मुले एकमेकांशी जितक्या जबाबदारीने वागतात, तितकी वर्गात वागलेली मी क्वचितच पाहिली. जखमी गड्याला उठवण्यासाठी स्वतःचा डाव धोक्यात घालणे, आपल्याजवळची औषधे वाटून देणे, कोणत्या टेकडीवरून वाट अडवायची याचा क्षणार्धात विचार करणे, या गोष्टी क्षुल्लक नव्हेत. शिवाय हा खेळ फुकट आहे, हे विसरून चालणार नाही. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या घरात होती, ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. खाडी आणि मिठागरे यांच्या मधल्या पट्ट्यात इमारतीला इमारत लागत गेली. चेंडू टाकायचा तर तासाच्या भाड्याने मैदान घ्यावे लागते. अशा शहरात गाळ्यातल्या कामगाराचा मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा एका बेटावर एकाच वेळी रिकाम्या हातांनी उतरतात, ही समता बाहेर त्यांना कुठे मिळणार आहे?

अर्थात ती समताही पूर्ण नाही. ज्याचा मोबाइल जुना, त्याचे चित्र अडखळते. ज्याचे नेट मंद, त्याची गोळी सुटण्याआधीच तो मेलेला असतो. मुले या विलंबाला 'पिंग' म्हणतात आणि आपल्या पिढीने लोकलला दिली नसेल इतकी दूषणे त्याला देतात. नवख्याला सुरुवातीस भेटणारे पुष्कळ शत्रू माणसे नसतातच, संगणकाने हलवलेल्या बाहुल्या असतात. त्यांना लोळवून त्याला आपण शूर असल्याचा भास होतो, आणि मग एक दिवस खरी माणसे भेटतात. भिंतीपलीकडचे दिसेल, नेम आपोआप लागेल, अशा बनावट साधनांनी खेळणारे 'हॅकर' तर मुलांचा खरा मनस्ताप आहेत. कंपन्या त्यांची खाती बंद करतात; खाते उघडणे फुकटच असल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी नव्या नावाने हजर! फुकटपणाची ही पहिली किंमत.

दुसरी किंमत पैशांत मोजावी लागते. खेळ फुकट देणारी कंपनी कमावते कशावर? मुख्यतः पोशाखांवर आणि बंदुकीच्या रंगीत आवरणांवर, ज्यांना 'स्किन' म्हणतात. पबजीच्या घराण्यातल्या आवरणांनी बंदुकीची ताकद वाढत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फ्री फायरमध्ये मात्र काही आवरणे तिचे गुणही बदलतात. पण हवी ती वस्तू सरळ किंमत देऊन नेहमी मिळते असे नाही. पेटी विकत घ्यायची, उघडायची, आणि निघेल ते आपले म्हणायचे. जत्रेतली सोडत आणि ही पेटी यांत फरक एवढाच, की जत्रा वर्षातून एकदा भरते.

आमच्या जिन्यातल्या एकाने अशाच एका खेळात (कोणत्या, ते इथे महत्त्वाचे नाही) आईच्या मोबाइलवरून थोडेथोडे करून साडेतीन हजार रुपये घालवले. रागावण्यापूर्वी मी त्याला विचारले, "अरे, काय हिशेब करून घालवलेस?" तो म्हणाला, "सर, शंभरात एक अशी संधी लिहिली होती. म्हणजे शंभर पेट्या उघडल्या की एकदा मिळणारच ना?" दहावीत संभाव्यता शिकलेला हा मुलगा! मी पायरीवरच वही मांडली. प्रत्येक पेटी रिकामी निघण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. शंभर वेळा तिला तिनेच गुणत गेले की उत्तर येते सुमारे सदतीस टक्के. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तरी त्यांतली सदतीसच्या आसपास मुले हात हलवत परत येणार. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "हे त्यांनी लिहिलं नव्हतं."

आता सरकारने काय केले ते पाहू. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी आली, तीत पबजी मोबाइलही गेला. कारण दिले होते ते देशाच्या सार्वभौमत्वाचे व सुरक्षिततेचे. ३० ऑक्टोबरला त्याची सेवा बंद झाली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, त्याचीच 'मॅक्स' आवृत्ती चालू राहिली. जुलै २०२२ मध्ये बॅटलग्राउंड्स दुकानांतून गेला, मे २०२३ मध्ये परतला. या साऱ्या येरझाऱ्यांत त्या पेटीला कोणी हात लावला नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी कंपनीने २०२१ मध्ये मर्यादा जाहीर केली ती दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये. रोज सात हजार! एवढ्यात भाईंदरातल्या कितीतरी घरांचा महिन्याचा किराणा भागतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु कायद्याची कसोटी पैशांच्या मोबदल्यात पैशांच्या लाभाची आशा ही आहे. पेटीतून निघतो तो रंगीत सदरा. तो बाजारात विकून पैसे होत नाहीत, म्हणून पेटी या कसोटीच्या कडेलाच राहते. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले. खुद्द दक्षिण कोरियाने मार्च २०२४ पासून पेटीतली शक्यता उघडपणे सांगणे कंपन्यांना बंधनकारक केले. कोरियातल्या मुलाला जे संरक्षण कायद्याने मिळते, ते त्याच कंपनीचा खेळ खेळणाऱ्या भाईंदरच्या मुलाला का मिळू नये? पेटीवर शक्यता मराठीत, ठळक अंकांत छापावी. शंभर वेळा उघडूनही काही न मिळण्याची टक्केवारी तिच्याखाली द्यावी. आणि अल्पवयीनाच्या खात्यातून पेटी विकत घेताच येऊ नये. याला नवी बंदी लागत नाही, एका अधिसूचनेचे काम आहे.

पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरात 'इंडस' नावाचा याच जातीचा खेळ बाजारात आणला, हे मी जिन्यातल्या मुलांना सांगितले. "सर, आपल्या पुण्याचा?" म्हणून त्यांनी लगेच तो उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजारवाल्याने मला थांबवून विचारले, त्यातल्या पेट्यांचाही हिशेब आपण मांडायचा का. वही घेऊन ये म्हटले आहे.