पालक आणि बुरशी

फराळाचे ताट समोर असताना औषधाचा विषय काढणे अरसिकपणाचे आहे, हे मान्य. पण वाचकहो, दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून घेतलेल्या माणसाला दुसरे सुचते काय?

तेव्हापासून रोज रात्री स्टॅटिनची गोळी सुरू झाली. ती कोलेस्टेरॉल उतरवते. पुढे वाचनात आले की, जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली हिचा पूर्वज तांदळावरच्या बुरशीत सापडला. बुरशी! माझे मन विटले.

त्यातच शेजारच्या अण्णांनी कानमंत्र दिला. "मास्तर, रक्तात होमोसिस्टीन वाढलं की नळ्या बिघडतात. बी जीवनसत्त्वं घ्या. अगदी निरुपद्रवी!" त्यांतले फोलिक अॅसिड १९४१ साली पालकातून वेगळे काढलेले, आणि नावही लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून. मराठीच्या मास्तराला व्युत्पत्ती पुरेशी झाली. मी बुरशी सोडली, पालक धरला. तीन महिने, घरात कुणाला न सांगता.

तपासणीत होमोसिस्टीन झकास उतरले होते. तो कागद नाचवीत मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुकाट्याने कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर बोट ठेवले. तो चांगलाच चढला होता.

"प्रोफेसर, आकडा उतरला म्हणजे रोग उतरला असं नाही. 'होप-२' या चाचणीत साडेपाच हजार रुग्ण होते. निम्म्यांना बी जीवनसत्त्वं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, पाच वर्षं. २००६ साली निकाल आला. होमोसिस्टीन घटलं. पक्षाघात थोडे कमी झाले, पण हृदयाचे झटके नाही. उलट १९९४ सालची स्कँडिनेव्हियातली चाचणी घ्या. ४४४४ हृदयरोगी. पोकळ गोळीवाल्यांतले २५६ दगावले, स्टॅटिनवाल्यांतले १८२."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. चौऱ्याहत्तर माणसे. आमच्या एका वर्गाएवढी.

"आणि जीवनसत्त्वं?" मी चाचरत विचारले.

"बी-बारा कमी असेल तर जरूर घ्या. शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी असतं. पण या गोळीच्या जोडीला, बदल्यात नव्हे. आणि स्नायू दुखले तर मला सांगा, अण्णांना नको."

घरी येऊन सौभाग्यवतींपुढे कबुलीजबाब दिला. त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री पेल्याशेजारी गोळी ठेवली आणि मी ती गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. अजून रोज उभ्या राहतात.