टाइम ट्रायलचा वर्ल्ड चॅम्पियन घाटात का हरतो? रेम्को एव्हनपूलचं नेमकं बिनसतं कुठं?

पहूरहून संभाजीनगरकडे निघालात की फर्दापूरनंतर अजिंठ्याचा घाट लागतो. सपाटीवर सुसाट आलेला कापसाचा ट्रक इथं पहिल्या गियरवर रांगतो आणि साधी मोटरसायकल त्याला मागं टाकून जाते. जानेवारी २०२६ मध्ये ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर झाली आणि आपल्याकडंही अनेक दिवस चालणाऱ्या सायकल रेसची चर्चा सुरू झाली. त्यात बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलचं नाव निघतंच. सोशल मीडियावर त्याच्याबद्दल ठरलेलं वाक्य म्हणजे, ‘भाऊला चढ जमत नाही.’

हे कितपत खरं आहे?

आधी काय घडलं ते बघा. टूर द फ्रान्स २०२५. पाचव्या दिवशी एव्हनपूलनं ३३ किलोमीटरची सपाट टाइम ट्रायल जिंकली. मग पिरेनिज पर्वत आला. ओताकामच्या चढावर तो साडेतीन मिनिटांहून जास्त मागं पडला. दुसऱ्या दिवशी चढावरच्या टाइम ट्रायलमध्ये दोन मिनिटं उशिरा निघालेल्या विंगेगार्डनं त्याला फिनिशजवळ गाठलं. आणि १९ जुलैला, एकूण क्रमवारीत तिसरा असताना, तूरमाले घाटात त्यानं रेसच सोडली.

सपाटीवर सायकलवाल्याचा शत्रू वारा असतो. एव्हनपूल बुटका आहे, सायकलवर अगदी घडी घालून बसतो, त्यामुळं तिथं तो राजा. चढावर वेग कमी होतो आणि वाऱ्याचा हिशोब मागं पडतो. मग एका किलो वजनामागं तुम्ही किती ताकद काढता, यावर सगळं येतं. सायकल धरून ६८ किलो वजन आणि पन्नास मिनिटांचा चढ धरा. एक किलो जास्त असेल तर साधारण पाऊण मिनिट जातं.

पण नुसतं वजनाचं कारण पटत नाही. याच माणसानं २०२२ ची व्हुएल्टा जिंकलीय आणि २०२४ च्या टूरमध्ये तो तिसरा आला. चढ न जमणाऱ्याला हे शक्य नाही.

दुखापतीचा मुद्दा मोठा आहे. ३ डिसेंबर २०२४ ला सरावात तो पोस्टाच्या गाडीच्या उघडलेल्या दारावर आदळला. बरगडी, खांद्याचं हाड, हात, सगळीकडं फ्रॅक्चर. हिवाळ्यातला पायाभूत सराव बुडाला. टूरच्या आधी पुन्हा बरगडी मोडली होती, हे त्यानं नंतर सांगितलं.

तरी चाहत्यांनी एक गोष्ट मान्य करावी. २०२३ च्या व्हुएल्टामध्ये, धडधाकट असताना, याच तूरमालेच्या दिवशी तो २७ मिनिटं मागं राहिला होता. आणि दुसऱ्याच दिवशी डोंगरातला टप्पा जिंकून मोकळा! आमच्या मते दुखणं चढाचं नाही, भरवशाचं आहे. तीन आठवड्यांत एक दिवस तो असा कोसळतो, आणि मोठ्या रेसला तेवढा एक दिवस पुरतो.

टूर सोडल्यावर दोन महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, किगालीच्या चढउतारांवर तो सलग तिसऱ्यांदा टाइम ट्रायलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. अडीच मिनिटं आधी निघालेल्या पोगाचारला त्यानं रस्त्यातच ओलांडलं.