प्राणायाम राहू द्या, फेलोशिपची तारीख सांगा

मागे एका विद्यापीठात पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी 'तणावमुक्ती' कार्यशाळा झाली. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले. मग पाहुण्यांनी सांगितलं, पहाटे उठा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र. माझ्या शेजारी बसलेल्या पोराची फेलोशिप आठ महिने थकलेली. मेसवाल्याची उधारी डोक्यावर. त्याने सकारात्मक राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्राणायामाला माझा विरोध नाही. झोप, व्यायाम, मित्रांशी गप्पा यांनी बरं वाटतंच. पण दुखणं एकीकडे आणि लेप भलतीकडे, याला विरोध आहे. संशोधक विद्यार्थ्याचा बराचसा ताण कुठल्यातरी टेबलावर अडकलेल्या फायलीतून येतो.

केंद्राने जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये केली. छान. पण ती मिळते किती जणांना? बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी आपल्या पोरांना लायब्ररी सोडून आंदोलनाला बसावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी तर विधान परिषदेतच विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या पोराने हे ऐकायचं आणि रात्री शांत झोपायचं?

दुसरा विषय गाइडचा. चांगले गाइड आहेत, त्यांच्यामुळेच कित्येक जण तरले. पण प्रगती अहवालावर सही त्यांची, फेलोशिपच्या कागदावर सही त्यांची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं मिळतात, वर दोन वर्षांची मुदतवाढ. एवढा काळ एकाच माणसाच्या मर्जीवर! दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे जायचं असतं हे खरं, पण त्या समितीचे निमंत्रक कोण? नियमानुसार गाइडच. मग पोरीने तक्रार करायची कोणाकडे?

काही ज्येष्ठ म्हणतील, "आमच्या वेळी नव्हतं हे असलं." होतं की! तेव्हाही पोरं प्रबंध अर्धवट टाकून गावी परतली. फक्त ती कोणी मोजली नाहीत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. आता आपापल्या विद्यापीठात जाऊन विचारा. तो कुठे बसतो? किती वाजता भेटतो? की एखाद्या प्राध्यापकालाच जादा कारभार दिलाय?

मागण्या तीनच आहेत, आणि त्यांना कार्यशाळेएवढाही खर्च येत नाही. फेलोशिप ठरलेल्या तारखेला खात्यावर जमा करा. मंजूर झालेलेच पैसे आहेत ते. गाइडविरुद्धची तक्रार विभागाबाहेरच्या माणसाने ऐकावी आणि तक्रार करणाऱ्याला गाइड बदलून मिळावा. तिसरं, न्यायालयाने सांगितलेला समुपदेशक खरोखर नेमा. विद्यार्थी त्याला काय बोलला हे विभागप्रमुखांच्या केबिनपर्यंत पोहोचता कामा नये.

आणि पोरांनो, पोरींनो, व्यवस्था सुधारेपर्यंत कुढत बसू नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मदत मागितली म्हणून कोणाची पीएचडी लहान होत नाही.

घरच्यांनाही एक विनंती. पोरगं सुट्टीला आलं की "कधी संपणार तुझं?" हे आधी विचारू नका. "जेवलास का?" एवढंच विचारा. बाकीचं ते आपणहून सांगेल.