बॅग उलटी करून पाहा

गेल्या जूनमधली गोष्ट. लेकीला पुण्याच्या कॉलेजात सोडायला निघालो होतो. चिपळूणच्या एसटी स्टँडवर धो धो पाऊस. गाडी लागली, लेकीने बॅग पाठीवर टाकली आणि पट्टा मुळापासून उसवला. बॅग चिखलात. मार्कशीट प्लास्टिकच्या फाइलीत होत्या म्हणून वाचल्या. शाळा सोडल्याचा दाखला मात्र भिजला, त्यावरची शाई पसरली. पुढे दुय्यम दाखल्यासाठी खेटे घालावे लागले ते वेगळेच.

लेक एवढंच म्हणाली, "अम्मी, ही बॅग नको म्हटलं होतं ना मी?"

चार वर्षांतली ती तिसरी बॅग. तिन्ही मीच घेतल्या होत्या, दुकानातली सगळ्यांत स्वस्त बघून. तिन्हींचे पैसे जोडले तर एक चांगली बॅग आली असती. फिजूलखर्ची नको म्हणून मी जे केलं, तीच फिजूलखर्ची ठरली.

आमच्या माळ्यावर अब्बांची खाकी कॅनव्हासची बॅग अजून आहे. तिचे पट्टे मोच्याने दोनदा बदलले, एक बकल नवं लावलं. ती टिकली, कारण ती दुरुस्त होऊ शकत होती. आता अशाच जुन्या धाटणीच्या बॅगांची पुन्हा चलती आहे. कॉलेजला, ऑफिसला, प्रवासाला मुलं त्याच मागतात. पण नुसतं रूप जुनं असून भागत नाही.

पहिला धोका चामड्याचा. चामड्यासारखे दिसणारे पट्टे बहुतेकदा रेक्झिनचे असतात. आपल्या दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. दुसरा बकलचा. काही बॅगांवर बकल शोभेचं असतं, खाली चुंबक किंवा टिचबटण. बकल उघडून, लावून पाहा.

मग बॅग उलटी करा. खरी शिलाई आत दिसते. कापडाच्या कडा पट्टीने बंद केलेल्या हव्यात. उघड्या कडांचे धागे सुटतात. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे, तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिलाई हवी. आमची बॅग नेमकी तिथेच उसवली. चेन कोपऱ्यावरून चार वेळा फिरवा. तिथे अडखळली, तर भरलेल्या बॅगेवर हमखास अडकणार.

कापडाचंही समजून घ्या. सुती कॅनव्हास दणकट असतं, पण पाणी पितं आणि जड होतं. मेण लावलेल्या कॅनव्हासवरून पाणी बरंचसं ओघळतं. मात्र ते गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कोकणात ओली बॅग कपाटात ठेवली की बुरशी आलीच. नायलॉन हलकं. त्याच्यावर 'डेनियर' लिहिलेलं असतं, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा धागा जाड.

आणि वजन विसरू नका. जाड कॅनव्हास आणि चामड्याची बॅग रिकामीच दीड-दोन किलो भरू शकते. शाळकरी मुलांसाठी तर ती नकोच. 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. तीस किलोच्या मुलाला तीन किलो, आणि त्यातच बॅगही आली. स्वीडनमध्ये शाळकरी मुलांच्या पाठदुखीची चर्चा सुरू झाली, तेव्हा 1978 मध्ये फ्येलरेव्हन कंपनीने 'कोंकेन' नावाची साधी चौकोनी बॅग काढली. सोळा लिटरची, वजन सुमारे तीनशे ग्रॅम. नाव ऐकून मला आपलं कोकणच आठवलं! जगभर तिच्या नकला निघाल्या, पण ती मुळात फॅशनसाठी नव्हे, मुलांच्या पाठीसाठी बनली होती.

महाग म्हणजे मजबूत असंही नाही. आधी आपल्या मोच्याला विचारा, "भाईजान, हा पट्टा तुटला तर शिवता येईल का?" तो हाताने चाचपूनच सांगेल.

दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली, तेव्हा आम्ही दोघी बाजारात गेलो. तिने तिसऱ्या दुकानात एक साधी कॅनव्हासची बॅग उचलली, सरळ उलटी केली आणि शिलाईवरून बोट फिरवलं. दुकानदाराला ते फारसं रुचलं नाही. मला मात्र रुचलं. या वेळी मी किंमत विचारली नाही, तिने विचारली. आणि ती म्हणाली तीच बॅग घेतली.